मूल जेवतच नाही? आधी त्याला भूक लागू द्या

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, पण दुसऱ्या वर्षात जेमतेम २ ते २.५ किलोच वाढतं, म्हणजे वाढीचा वेग कमी होतो आणि त्याबरोबर भूकही. आपण मात्र वाटी मोठी करत जातो आणि मग घरात रोज तेच, घास घेऊन मागे पळणं.

सगळ्यात आधी दोन दिवस मूल जे जे तोंडात टाकतं ते लिहून काढा. सकाळी कपभर दूध, मग बिस्किटं, मग शेजारच्या काकूंकडचा चिवडा, झोपेतून उठल्यावर परत दूध, बहुतेक घरांत खरी गडबड इथेच सापडते. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर नको, कारण दुधात लोह जवळपास नसतंच आणि पोट मात्र भरतं.

मग वेळा ठरवा. तीन जेवणं, दोन मधली खाणी, दर अडीच-तीन तासांनी, आणि मधे फक्त पाणी. पहिले काही दिवस रडारड होईल, आजीचा जीव कासावीस होईल, "लेकराला उपाशी ठेवतेस का गं" असंही ऐकावं लागेल. त्यांना शांतपणे सांगा की एक जेवण कमी गेलं म्हणून धडधाकट मूल अशक्त होत नाही. घरातले सगळे एका बाजूला नसतील तर यातलं काहीच टिकत नाही.

ताटात चमचा-दोन चमचेच वाढा, हवं तर परत मागेल. काय, कधी आणि कुठे खायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही ते मुलाने. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही विभागणी मला सगळ्यात पटते, कारण जबरदस्ती गेली की भांडणच संपतं.

आता भाजी. दोनदा थुंकली की आपण "याला भोपळा आवडतच नाही" म्हणून मोकळे होतो, पण नवी चव पटायला कधीकधी १०-१५ वेळा समोर यावी लागते. म्हणून आवडीच्या वरणभाताशेजारी नवी भाजी अगदी एवढीशी वाढा आणि तिच्याबद्दल काही बोलूच नका. आज भोपळ्याचे घारगे, चार दिवसांनी तोच भोपळा भाजीत. थालीपीठात पालक घाला, जरूर घाला, पण तो तसाही ताटात दिसू दे, नाहीतर मुलाची त्याच्याशी ओळख कधी होणार? मटार सोलायला, मेथी निवडायला, मटकीला मोड आलेत का बघायला मुलाला सोबत घ्या, स्वतः निवडलेली भाजी मुलं जास्त सहज चाखून बघतात. उसळीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं.

मोबाईल आणि टीव्ही बंद, शक्यतो सगळे एकत्र. अर्ध्या तासात ताट उचला, न रागावता. "भाजी संपव मग चॉकलेट" हे तर नकोच, त्याने चॉकलेट बक्षीस होतं आणि भाजी शिक्षा.

शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत कुटूनच द्या, द्राक्षं उभी चिरून, घशात अडकतात.

वजन थांबलं असेल किंवा घटत असेल, मूल फिकट दिसत असेल, माती खात असेल, घास गिळताना सारखा ठसका लागत असेल, किंवा मोजून चार-पाचच पदार्थ खात असेल तर वाट बघत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन-उंची अंगणवाडीतही तक्त्यावर मांडून देतात.