लिव्हरमधला पू की कॅन्सर? या चुका टाळा

ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि सोनोग्राफीवर 'लिव्हर ॲब्सेस', म्हणजे लिव्हरमधलं पुवाचं गळू. खानदेशात हे निदान बहुतेकदा बरोबरच निघतं. दारू पिणारा तिशी-चाळिशीतला पुरुष, मग ती मोहाची असो की देशी, आणि उजव्या भागात एकच गळू, हे अमिबाचं ठरलेलं चित्र. ते इतकं ओळखीचं आहे की पुढे कुणी शंकाच घेत नाही.

मेट्रोनिडाझोल (अमिबावरचं औषध) सुरू करून ते कधी सुरू केलं ती तारीख विसरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नेहमीचा डोस 800 मिग्रॅ दिवसातून तीनदा. अमिबाचं गळू असेल तर 3-4 दिवसांत ताप उतरू लागतो. नाही उतरला, तर औषध बदलण्याआधी निदान पुन्हा तपासा. ताप उतरला म्हणूनही निर्धास्त राहू नका. वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीचा मधला भाग रक्ताअभावी सडतो, त्यात जंतू शिरतात. पित्तनलिकेच्या कॅन्सरमागे तर अडलेल्या पित्तात खरोखरच पू होतो. अशा वेळी अँटिबायोटिकने ताप जातो, गाठ राहते. बऱ्या झालेल्या गळूची पोकळीही काही महिने दिसते, पण ती लहान होत जाते. वाढली किंवा आत घट्ट भाग दिसला, तर थांबू नका.

सुईने पू काढला की काम संपलं, असंही नाही. नमुना कल्चरबरोबर (जंतूंची तपासणी) सायटॉलॉजीलाही (पेशींची तपासणी) पाठवा. हे हमखास राहतं. गाठीच्या मधून फक्त मेलेल्या पेशी येतात, म्हणून संशय असेल तर बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) भिंतीच्या जिवंत भागातून हवी. मात्र गाठ ऑपरेशनने काढण्याजोगी वाटत असेल, तर सुई घालण्याआधी सर्जनला विचारा. सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात.

सीटी ट्रायफेजिकच करा, म्हणजे रंगद्रव्य देऊन वेगवेगळ्या टप्प्यांत फोटो घेणारा. लिव्हरचा मूळ कॅन्सर धमनीच्या टप्प्यात उजळतो, नंतर काळवंडतो. दुसरीकडून पसरलेल्या गाठींना मात्र गळूसारखीच कडा दिसते, तिथे चांगले रेडिओलॉजिस्टही फसतात.

एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून कॅन्सर नाही, असं होत नाही. सीए 19-9 (पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी पाहतात ती रक्ततपासणी) नुसतं पित्त अडल्यावरही वाढतो. हिपॅटायटिस बी, सी तपासाच. पन्नाशीपुढे कारण न सापडलेलं जिवाणूंचं गळू, विशेषतः क्लेबसिएला या जिवाणूचं, असेल तर मोठ्या आतड्यातला कॅन्सर पाहायला कोलोनोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) करा.

पुढे नाशिक, सुरत किंवा मुंबईला जाताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. सीटीची सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) सोबत घ्या.