सरकतं गेट बसवताय? या चुका टाळा, आणि मोटर सर्वांत शेवटी निवडा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत नवं शेड उभं राहिलं, की गेटची ऑर्डर बहुतेक वेळा एका ओळीत दिली जाते: "वीस फुटी सरकतं गेट, मोटरसकट." वर्षभरात ते गेट जड चालायला लागतं, मधेच थांबतं, रूळ सोडतं आणि बोल लागतो मोटरला. खरं तर मोटर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या चुकीची शिक्षा भोगत असते. मोटर सोडवून ठेवल्यावर, म्हणजे चावीने गेटपासून मोकळी केल्यावर, एका माणसाला गेट एका हाताने, न थबकता, दोन्ही टोकांपर्यंत नेता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर दुप्पट ताकदीची मोटर बसवूनही काही उपयोग नाही. ती फक्त दोष झाकते आणि अपघात मोठा करते.

रुंदी गाडीवरून ठरवली, वळण विसरलं

कंटेनरची गाडी अडीच मीटर रुंद, मग साडेचार मीटरचं गेट पुरेल, हा हिशेब सरळ आत येणाऱ्या गाडीचा झाला. वसाहतीतल्या रस्त्यावरून गाडी काटकोनात वळून आत शिरते. चाळीस फुटी कंटेनर आणि त्याचा घोडा (ओढणारी पुढची गाडी) मिळून लांबी सोळा मीटरच्या आसपास जाते. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतल्या बाजूने कोपरा कापत येतात. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील तर दुसरी ट्रॉली आणखी आत ओढली जाते. गेटच्या खांबाचा कोपरा उडतो तो इथेच. अरुंद रस्त्यावरून काटकोनात वळायचं असेल तर मोकळी रुंदी ७ ते ८ मीटर धरावी.

कागदावर भांडण्यापेक्षा जागेवर फक्की मारा. खांब, रूळ आणि रस्त्याची कड आखा, खांबांच्या जागी दोन रिकामी बॅरल ठेवा आणि तुमच्याकडे येणारी सर्वांत लांब गाडी दोन्ही बाजूंनी वळवून बघा. मागच्या चाकाचा माग मातीत स्पष्ट उमटतो. त्या मागापासून खांब किमान अर्धा मीटर लांब हवा.

या आखणीतून आणखी एक निर्णय निघतो, जो सहसा घेतलाच जात नाही: गेट कोणत्या बाजूला सरकवायचं. गाड्या ज्या बाजूला वळून आत येतात, त्या वळणाच्या आतल्या बाजूचा खांब मार खातो. बहुतेक गाड्या रस्त्यावरून डावीकडे वळून येत असतील तर मार डाव्या खांबाला. मोटर, मार्गदर्शक रोलर (गेटला वरून दोन्ही बाजूंनी उभं धरणारे) आणि मोटरचं कंट्रोल पॅनेल उजव्या बाजूला न्या. मार खाणाऱ्या खांबापुढे १५० मिमी व्यासाचा, काँक्रीट भरलेला पाइप रोवा: जमिनीत पाऊण मीटर, वर एक मीटर, खांबापासून ३०० ते ४५० मिमी पुढे.

रूळ रस्त्याच्या कडेला लावू नका. गेट उघडेपर्यंत गाडी रस्त्याबाहेर उभी राहिली पाहिजे, म्हणजे तिची पूर्ण लांबी आत घ्यावी लागते. प्लॉट लहान असेल तर निदान ट्रकपुरती १० ते १२ मीटर जागा सोडा. ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीतल्या उंच सोसायट्यांनी अग्निशमनाची गाडी आधी आठवावी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारतींच्या मुख्य प्रवेशद्वाराची रुंदी किमान ६ मीटर सांगितली आहे.

रूळ मातीवर बसवला

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर चार इंची काँक्रीट ओतून रूळ बसवला तर तो दुसऱ्या वर्षी लाटेसारखा होतो. काळी माती निदान ४५० मिमी खोल काढून टाका, मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस करा. त्यावर ३०० मिमी रुंद, ४५० मिमी खोल काँक्रीटचा बीम घ्या: एम-२० काँक्रीट, वर-खाली १२ मिमीच्या दोन-दोन सळ्या, ८ मिमीच्या रिंगा १५० मिमीवर. भरलेली ट्रॉली या बीमवरून आडवी जाणार आहे, त्यामुळे २८ दिवस होईपर्यंत जड गाडी सोडू नका. बीम फक्त उघड्या जागेखाली घेणं ही नेहमीची चूक. गेट मागे जिथवर सरकतं तिथवर तो सलग हवा, नाहीतर जोडावर एक भाग खचतो आणि गेट रोज त्याच जागी धडकतं.

रुळासाठी ५० × ५० × ६ चा अँगल उलटा किंवा २० मिमीचा गोल बार पट्टीवर वेल्ड करून चालतो. चाकाची खाच मात्र त्याच आकाराची घ्या. व्ही खाचेचं चाक गोल बारवर चालवलं तर दोन्ही झिजतात. अँकर दर ५०० मिमीला असावेत. तुकड्यांचा जोड पूर्ण वेल्ड करून ग्राइंडरने सपाट करा आणि गाडीच्या चाकांच्या वाटेत येऊ देऊ नका. पाणसळ लावून ३ मीटरमध्ये २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. रस्त्याला उतार आहे म्हणून रुळालाही उतार देणं धोक्याचं. ५० ला १ उतारावर ३५० किलोचं गेट सात किलोच्या जोराने खाली ओढलं जातं. मोटर सोडवली की थोड्या धक्क्यानेही ते निघालंच.

रूळ जमिनीच्या पातळीत असेल तर दोन्ही बाजूंनी पाणी निघायला वाट हवी. फाउंड्रीच्या आवारात वाळू, उसाच्या गाड्यांखाली पाचट, शेतातून आलेल्या टायरचा चिखल हे सगळं रुळाच्या खाचेत बसतं. पाणी आणि वाळू मिळून जो लगदा होतो तो चाकाच्या बेअरिंगचा शत्रू. त्यात ग्रीस ओतू नका. ग्रीस वाळू धरून ठेवतं आणि रूळ पॉलिश पेपरने घासल्यासारखा झिजतो. रूळ कोरडा आणि झाडलेला ठेवायचा, ग्रीस फक्त बेअरिंगला.

चाकं दोनच

साधं गणित करून बघा. ६ मीटर मोकळ्या जागेसाठी साडेसहा मीटर लांब, दोन मीटर उंच गेट: १६ गेजचा पत्रा सुमारे १६० किलो, ८० × ४० × ३ च्या पाइपची चौकट सुमारे १२० किलो, खालचा १०० मिमीचा चॅनल सुमारे ६० किलो. एकूण ३५० किलोच्या घरात. "जास्त आधार" म्हणून तीन-चार चाकं लावली जातात, पण चौकट ताठ असल्यामुळे एक चाक कायम हवेत राहतं आणि भार कोणत्या दोनवर आहे ते कळत नाही. दोनच चाकं लावा, आणि प्रत्येक चाक २५० किलो तरी सहज झेलणारं घ्या, कारण भार कधीच समसमान वाटला जात नाही.

थांबे नाहीत, म्हणून गेट पडतं

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. सरकतं गेट म्हणजे ब्रेक नसलेली साडेतीनशे किलोची गाडी. ती रूळ संपल्यावर थांबत नाही. ठरल्या जागी मोटर बंद करणारा लिमिट स्विच तिला थांबवेल असं धरलं जातं, पण लाइट गेली, वॉचमनने मोटर सोडवली आणि जोर लावून ढकललं, की लिमिट स्विचचा काही संबंधच उरत नाही. गेटचं मागचं टोक मार्गदर्शक रोलरमधून बाहेर आलं तर गेट ढकलणाऱ्याच्याच अंगावर पडतं. त्याला सरायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून रुळाच्या दोन्ही टोकांना बीममध्ये अँकर केलेले लोखंडी थांबे हवेत. रुळावर नुसती वेल्ड केलेली गोळी चालणार नाही, चाक तिच्यावरून उडी मारतं. थांब्याची उंची चाकाच्या आसाइतकी धरा आणि वर रबर लावा. वरच्या बाजूला मार्गदर्शक रोलरच्या दोन जोड्या, एकमेकींपासून ६०० मिमी ते एक मीटर अंतरावर. गेट पूर्ण बंद असतानाही त्याची मागची शेपटी दोन्ही जोड्यांत अडकलेली राहिली पाहिजे. म्हणजेच गेट मोकळ्या जागेपेक्षा निदान त्या अंतराइतकं आणि वर २०० मिमी लांब हवं. वरच्या साडेसहा मीटरच्या गेटला रोलरजोड्यांत ६०० मिमी ठेवले तर लांबी ६.८ मीटरपर्यंत न्यावी लागेल. हे आधी ठरवलं नाही तर फॅब्रिकेटर एकाच जोडीवर भागवतो. बंद होणाऱ्या खांबावर गेटला दोन्ही बाजूंनी धरणारा पकडचॅनल बसवा.

थांबे गेट उभं करण्याआधी बसवायचे, नंतर नव्हे. आणि चाक बदलताना रोलर काढायचा झालाच तर आधी गेट साखळीने खांबाला बांधा.

पूर्ण पत्रा, आणि वाऱ्याचा हिशेब नाही

आतलं दिसू नये म्हणून पूर्ण पत्रा मारला जातो. आपल्या भागाला वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात. त्याचा दाब येतो चौरस मीटरला सुमारे ९० किलो. ६ × २ मीटरच्या पत्र्यावर हा भार १,१०० किलोच्या आसपास. यातला निम्मा वरच्या रोलरवर आणि पकडचॅनलवर जातो. विटांच्या खांबाला दोन फास्टनरनी अडकवलेला रोलर तो झेलू शकत नाही. वळवाच्या पावसात पडणारी गेटं बहुतेक अशीच. रोलरसाठी १०० मिमीच्या दोन चॅनलचा बॉक्स-खांब करून स्वतंत्र पायावर उभा करा, किंवा पत्र्याऐवजी जाळी घ्या. फटीतून हात घालता येणार नाही इतकी बारीक जाळी घेतली तर गेट सरकताना हात खांबात अडकण्याचा धोकाही जातो.

लोंबतं गेट घेतलं, पाया विसरला

चिखल आणि पाचट फार असेल तर रूळ नसलेलं लोंबतं गेट चांगलं. पण त्याला मोकळ्या जागेच्या ४० ते ५० टक्के मागची शेपटी लागते. ६ मीटरच्या जागेला एकूण साडेआठ ते नऊ मीटरचं गेट, आणि तेवढीच भिंतीलगतची जागा. भार समजून घ्या: ४५० किलोचं साडेआठ मीटरचं गेट, दोन रोलरगाड्यांत २.२ मीटर अंतर. बंद असताना गेटचा गुरुत्वमध्य पुढच्या गाडीपासून १.७५ मीटर पुढे असतो. त्यामुळे मागची गाडी सुमारे ३६० किलोने वर उचलली जाते आणि पुढचीवर ८०० किलोंहून जास्त भार येतो. दोन गाड्यांना दोन वेगळे छोटे ठोकळे दिले तर मागचा हलतो आणि गेटचं नाक खाली येतं. दोन्ही एकाच सलग ठोकळ्यावर बसवा: सुमारे ३ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, ६०० मिमी खोल.

फोटोसेल ट्रॉली बघतो, फट बघत नाही

आपोआप बंद होणाऱ्या गेटला एकच फोटोसेल (किरण तुटला की वाटेत काही आहे असं ओळखणारा डोळा) लावला तर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधल्या फटीत किरण पुन्हा जुळतो. गाडी गेली असं समजून गेट निघतं आणि ट्रॉलीच्या चाकावर आदळतं. फोटोसेल दोन उंचींवर लावा, साधारण ४०० मिमी आणि १ मीटर, जमिनीत लूपही टाका, म्हणजे वरून जाणाऱ्या गाडीचं लोखंड ओळखणारा तारेचा वेढा. लूप जेवढा रुंद त्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतच तो लोखंड ओळखतो, म्हणजे १.२ मीटर रुंद लूपला ८०० मिमी. लूप सरकत्या गेटपासून किमान एक मीटर लांब ठेवा, नाहीतर गेटच त्याला गाडी वाटतं. उसाच्या हंगामात तर आपोआप बंद होणं बंदच ठेवा, वॉचमनने बघून बटण दाबावं.

माणूस अडकला तर किती जोर चालेल, यासाठी युरोपचं ईएन १२४५३ हे मानक उपयोगी पडतं. शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये धडकेचा जोर ४०० न्यूटनच्या वर नको, आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली यायला हवा. गेटच्या पुढच्या कडेला रबरी सेफ्टी एज (दाब लागताच गेट थांबवणारी पट्टी) लावल्याशिवाय जड गेटला हे साधणं कठीण.

आता मोटर

क्षमता गेटच्या वजनाच्या दीड ते दोन पट. पण खरा प्रश्न दिवसाला किती फेऱ्या हा आहे. मिनिटाला १० मीटर वेगाने ६ मीटर उघडायला ३६ सेकंद, बंद व्हायला तेवढेच. तासाला २५ गाड्या म्हणजे मोटर तासातली ३० मिनिटं फिरते. ३० टक्के ड्युटीची, म्हणजे ३० टक्के वेळच फिरण्यासाठी बनलेली, घरगुती मोटर मे महिन्यात तापून थर्मल कटवर जाणारच, म्हणजे आपोआप बंद पडणार. अशा ठिकाणी दिवसा गेट उघडं ठेवून आत बूम बॅरियर (वर-खाली होणारा आडवा दांडा) चालवा, गेट रात्रीसाठी.

रॅक (गेटवरची दातेरी पट्टी) आणि पिनियन (मोटरचं दातेरी चाक) यांच्यामध्ये १ ते २ मिमी फट सोडा. फट नसेल तर गेटचं वजन पिनियनवर येतं आणि मोटरचा शाफ्ट वाकतो. रॅकचे दोन तुकडे जोडताना तिसरा तुकडा उलटा धरून दोघांच्या दातांत बसवा, मगच वेल्ड करा. लिमिट अशी लावा की गेट थांब्याच्या ३० ते ५० मिमी आधी थांबेल.

तक्रार आली तर

आधी मोटर सोडवा आणि हुकवाल्या काट्याने गेट हळू ओढा. ३५० किलोच्या गेटला ८ ते १२ किलो लागणं ठीक. २० च्या वर गेलं तर चाक, रूळ किंवा रोलर बघा, मोटरला हात लावू नका. एकाच जागी काटा उसळत असेल तर रुळाचा जोड किंवा खचलेला बीम. सगळीकडे सारखाच जड असेल तर बेअरिंग किंवा फार आवळलेला वरचा रोलर. सकाळी नीट आणि दुपारी अडकत असेल तर उन्हाने वाढलेल्या गेटला रोलरमध्ये जागा उरलेली नाही, दोन्ही बाजूंना ३ ते ५ मिमी सोडा.

गेट हाताने हलकं, मोटरवर मात्र कटकट आवाज: रॅकचा जोड. बंद होता होता उलटं फिरतं: फोटोसेलच्या काचेवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं, नाहीतर जोर फार कमी लावलाय. पावसातच बिघडतं: पॅनेलमध्ये केबल वरून आत शिरलेली असते. केबल खालून घ्या, आत जाण्याआधी तिला लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं.

पंचगंगेच्या पुराचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये जिथवर आलं, त्या पट्ट्यातल्या आवारांनी पॅनेल मोटरच्या डब्यात न ठेवता वेगळं, भिंतीवर त्या पाण्याच्या खुणेच्या वर लावावं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की गेट उघडून, साखळीने बांधून, मेन स्विच बंद करावा. मोटर सोडवायच्या चावीची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली हवी, ऑफिसच्या कपाटात नको.