घरच्या गॅरेजमध्ये जुनी मस्टँग उभी करताय? या चुका टाळा, माझ्या करून झाल्यात

फोर्डच्या मस्टँगला मसल कार (मोठ्या ताकदवान इंजिनची गाडी) म्हटलं की काही लोक लगेच अंगावर येतात, ती पोनी कार (आटोपशीर, स्पोर्टी गाडी) आहे म्हणे. असू दे. माझी १९६६ ची दोन दारांची कूपे, सहा सिलेंडरवाली, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने निम्मी खाल्लेली. गॅरेजमध्ये चार वर्षं उभी होती आणि त्यातली दोन तरी निव्वळ कामाचा क्रम चुकल्यामुळे गेली. बजेट कमी असलं की गंमत बघा, पैसा आधी जातो तो दिसणाऱ्या गोष्टींवर, क्रोमचे बंपर, सीट कव्हर, चाकं. माझे नवे बंपर दीड वर्ष बेडरूमच्या कपाटामागे होते आणि बायको पाहुण्यांना आवर्जून ते दाखवायची.

घेताना नंबर न वाचणं

ही चूक फुकटात टाळता येते. १९६६ च्या गाडीचा कारखान्यात ठोकलेला नंबर (नंबर प्लेटवरचा नव्हे) ६एफ०७टी असा सुरू होत असेल तर ६ म्हणजे साल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे कूपे, आणि पाचवं अक्षर इंजिनचं. टी असेल तर २०० क्युबिक इंचाचं सहा सिलेंडर, सी किंवा ए असेल तर २८९ चं व्ही८, म्हणजे आठ सिलेंडरचं. विकणारा ‘ओरिजिनल व्ही८’ म्हणतोय आणि तिथे टी आहे तर सरळ विचारा. आणि दारावरच्या पाटीवर विसंबू नका, तशी पाटी नवीन बनवून मिळते, बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर तिच्याशी जुळवा.

सहा सिलेंडरची स्वस्तात घेऊ आणि नंतर व्ही८ बसवू, हा विचार माझ्याही डोक्यात होता. पण त्या गाडीच्या चाकांना चारच नट असतात, व्ही८ ला पाच, पुढचे ब्रेक लहान, मागचा अ‍ॅक्सल नाजूक. म्हणजे इंजिन बदललं की ब्रेक, अ‍ॅक्सल, चाकं, स्प्रिंगा सगळंच बदलायचं, आणि मग स्वस्त कसलं. २०० चं इंजिन वाईट नाहीये हो, क्रँकशाफ्ट धरायला सात मेन बेअरिंग आहेत, दणकट आहे, राहू द्या.

पाणी कुठून येतंय ते न बघता फ्लोअर (गाडीच्या तळाचा पत्रा) बदलणं

इथे मी सगळ्यात जास्त पैसे घालवलेत म्हणून जरा लांबण लावतो. गाडी आणली, कार्पेट उचललं, तर ड्रायव्हरच्या पायाखाली कुणीतरी जुनी लायसन्स प्लेट पॉप रिव्हेटने ठोकून वर डांबर फासलेलं. वरून कीर्तन आतून तमाशा. प्लेट काढली तर खाली जमीन दिसली, शब्दशः, माझ्या गॅरेजचं काँक्रीट. मी उत्साहाने नवा फ्लोअर पॅन मागवला, वेल्डिंग शिकलो, बसवला, रंगवला. पहिल्याच पावसात पाय ओले.

तर या गाड्यांमध्ये, १९६५ ते ६८ च्या, विंडशील्डसमोर जी जाळी असते तिच्या खाली एक बंद पोकळी आहे, तिला काऊल म्हणतात, हिटरला हवा तिथूनच येते. पानं, धूळ तिथे साठते, ओल धरते, आणि हवेच्या भोकांभोवतीचा पत्रा आतून कुजतो. बाहेरून काहीही दिसत नाही. टेस्ट सोपी आहे, एकाला टॉर्च घेऊन आत डॅशखाली आडवा करा, आणि बाहेरून जाळीत बागेच्या पाईपने पाणी सोडा. पाणी फेंडरच्या, म्हणजे पुढच्या मडगार्डच्या, मागून खाली जायला पाहिजे. आतल्या माणसाने आरडाओरडा केला तर काऊल गेलंय. माझ्याकडे आत माझा मेहुणा होता, तो अजून ते विसरलेला नाही.

उपाय दोन. खरा उपाय म्हणजे वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड (वेल्डिंगचे ठिपके) ड्रिलने एकेक सोडवून काऊल उघडायचं, पत्रा जोडायचा, सील करायचं, हे कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं. तात्पुरता म्हणजे खालून त्या भोकांत प्लास्टिकच्या टोप्या बसवून चिकटवायच्या. जाळीतून सिलिकॉन ओतू नका, पाणी त्याच्याखाली अडकतं आणि जे वर्षात कुजणार होतं ते सहा महिन्यांत कुजतं.

आणि फ्लोअर कापायच्या आधी दोन्ही दारांच्या फटी मोजून ठेवा आणि दारांच्या चौकटीत आडवे उभे पाईप वेल्ड करून घ्या. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्राच सगळं धरून आहे, कापला की मधून बसते, मग दार लागत नाही. वेल्ड करताना सलग ओढत जाऊ नका, एक ठिपका इथे, एक वीतभर लांब, नाहीतर पत्रा पापडासारखा वळतो.

अजून एक, हे गंमतीवारी नेऊ नका. या मस्टँगच्या पेट्रोल टाकीचा वरचा पत्रा म्हणजेच डिकीची जमीन. डिकीत वेल्डिंग असेल तर टाकी आधी उतरवून गॅरेजबाहेर ठेवा, रिकामी आहे म्हणून सोडू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक.

ब्रेक शेवटी ठेवणं

१९६६ पर्यंत मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलतो तो) एकेरी होता, म्हणजे एक होज (ब्रेकची नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून दुहेरी आला. बंपरच्या आधी हा बदल करा, फार महाग नाही. गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते किंवा पाय काढल्यावरही एक चाक धरून बसतं, तर ड्रम उघडायच्या आधी रबरी होज बघा, जुना होज आतून फुगून बंद होतो आणि बाहेरून ठणठणीत दिसतो. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचकटतो.

गाडी चढाला जीव टाकते

आता माझ्या तीन वीकेंडचा हिशोब. जुना कार्ब्युरेटर गळत होता, मी स्वस्तातला दुसरा एक बॅरलचा बसवला. गाडी चालू व्हायची छान, पण चढ आला की बैलगाडी. प्लग बदलले, पॉइंट बदलले, वायरी बदलल्या, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. शेवटी कळलं की या इंजिनच्या डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटतो तो), लोड-ओ-मॅटिक म्हणतात त्याला, वेगाबरोबर टायमिंग बदलणारी वजनं नसतातच, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे जातं ते फक्त व्हॅक्युमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, आणि तो व्हॅक्युम मूळच्या ऑटोलाईट ११०० कार्बमधल्या एका खास व्हॉल्व्हमधून येतो. दुसऱ्या कार्बला तो व्हॉल्व्ह नसेल तर टायमिंग नीट पुढे जात नाही. म्हणून एकतर मूळ कार्बचं किट आणून तोच उघडून साफ करा, नाहीतर कार्ब आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही जोडीने बदला. एकटा कार्ब नको.

गाडी दहा मिनिटं चालून बंद पडते आणि थंड झाल्यावर परत चालू होते? बंद पडली की तिथल्या तिथे ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर बहुधा कॉईल गरम होऊन दगा देतेय. ठिणगी असेल तर बहुधा पेट्रोल येत नाहीये, टाकीतला गंज फिल्टरमध्ये अडकलाय का ते बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुने रबरी पाईप त्याने खराब होतात, ते सगळे बदलाच.

रंगाबद्दल फार बोलत नाही कारण माझी अजून प्रायमरमध्येच आहे. फक्त दोन गोष्टी, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका, आणि हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये (रंगावरचा चकचकीत थर) आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, साध्या धुळीच्या मास्कने काही होत नाही, ते काम सरळ शॉपला द्या.

बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवा, पण नाव झाकणावर नाही, डब्यावर लिहा. झाकणं बदलतात. आईने एकदा सगळे डबे नीट लावून ठेवले होते.

राहिले डॅशचे काटे. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदमच वर गेले किंवा एकदमच झोपले तर सेन्सर विकत घेऊ नका, दोन्ही एकाच वेळी कशाला बिघडतील, डॅशमागे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो तो गेलाय किंवा त्याची अर्थिंग सुटलीय. तो बदलताना आधी बॅटरी सुटी करा. मी केली नव्हती, त्यामुळे रेग्युलेटरबरोबर दोन्ही गेजसुद्धा नवीन आहेत.