जर्नलचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर उभं करताय? या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, सावंतवाडी, कुठल्याही कॉलेजात जा, हल्ली कोणी ना कोणी सांगतंच की आम्ही आमचं जर्नल ऑनलाइन करतोय, आणि मग ते काम कोडिंग येणाऱ्या एखाद्या पोराच्या गळ्यात पडतं. पोरं हुशार असतात, त्याबद्दल वादच नाही. पण ती जर्नलला साधी वेबसाइट समजतात. वेबसाइट पाच वर्षांनी पाडून नवी केली तरी कोणाचं काही अडत नाही, पण मालवणच्या रापणीवर आज छापलेला निबंध तीस वर्षांनी कोणी शोधला तर तो सापडलाच पाहिजे, उघडला पाहिजे आणि त्याचा संदर्भ देता आला पाहिजे. हे डोक्यात नसलं की पुढच्या सगळ्या चुका ओळीने होतात.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते सर्चवर. मराठी सर्च कोणी तपासूनच बघत नाही. इंग्रजीत "कोकण" टाकून चाललं की झालं काम!

एका संस्थेने ओजेएस (ओपन जर्नल सिस्टिम्स, जर्नल चालवायचं तयार ओपन-सोर्स सॉफ्टवेअर) नको म्हणून पायथन-जँगोमध्ये स्वतःचा प्लॅटफॉर्म लिहून घेतला होता. दिसायला देखणा. तिथल्या ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, "दादा, आपल्याच अंकातला लेख आपल्याच साइटवर मिळत नाही हो." लेखाच्या शीर्षकात "किनाऱ्यावरील" शब्द होता, मॅडम तोच शब्द टाइप करत होत्या, आणि उत्तर शून्य. डेव्हलपरने कॅशे उडवली, इंडेक्स परत बनवला, सर्व्हर रीस्टार्ट केला, शेवटी म्हणाला मोठा सर्व्हर घ्या. डेटाबेसमध्ये नेमकं काय बसलंय ते बघावं असं काही त्याला सुचलं नाही. मी शीर्षकातलं एकेक अक्षर सुटं करून त्याचे युनिकोड नंबर, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर ज्या ठरलेल्या नंबराने ओळखतो ते, काढले आणि दोन मिनिटांत उलगडा झाला.

आपला "ऱ्य" तीन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ०९३१ नंबरचा ऱ, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, त्यावर नुक्ता, मग हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, मग झेडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं जॉइनर चिन्ह), मग य. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र तीन वेगळे शब्द. लेखकाने एका कीबोर्डवर लिहिलं, मॅडमनी दुसऱ्या, संपला विषय. किनाऱ्यावर, वाऱ्याचा, खाऱ्या पाण्यातला, दऱ्याखोऱ्या... कोकणावर लिहिताना या अक्षरावाचून पान हलत नाही.

यावर माझी ठरलेली सवय आहे. मजकूर आत येताना आणि सर्चचा शब्द आत येताना, दोन्हीकडे एकच फंक्शन लावायचं. त्यात आधी एनएफसी, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलं असेल तर ते एका रूपात आणायची युनिकोडची ठरलेली पद्धत, त्याने नुक्तावाला प्रकार पहिल्यासारखा होतो. पण झेडब्ल्यूजेवाल्याला एनएफसी हात लावत नाही, त्यामुळे र-हलन्त-झेडब्ल्यूजे दिसलं की ते स्वतः ऱ-हलन्त करायचं, आणि त्यानंतरच उरलेले अदृश्य जॉइनर काढायचे. हा क्रम उलटा केलात तर दऱ्या शोधणाऱ्याला दर्या मिळेल, घाईत लिहिलेल्या कोडमध्ये मी हे प्रत्यक्ष बघितलंय. त्याच फंक्शनमध्ये ॲ पण बघा, कारण ०९७२ नंबरचा ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ हे युनिकोडच्या लेखी एक नाहीतच, तिथे एनएफसी काही करत नाही. आणि हे सगळं सर्च इंडेक्ससाठी करा, लेखकाचा मूळ मजकूर आहे तसा वेगळा जपून ठेवा.

याचीच सख्खी बहीण म्हणजे सर्चसाठी शब्द तोडणारा रेजेक्स, म्हणजे मजकुरातून काय ठेवायचं, काय उडवायचं ते सांगणारा कोडमधला नमुना. इंटरनेटवरून उचललेला असतो, "फक्त अक्षरं ठेव, बाकी उडव" असा. युनिकोडमध्ये आपल्या काना-मात्रा-वेलांट्या "लेटर" वर्गात नाहीत, "मार्क" वर्गात आहेत. म्हणजे "किनारा"चा होतो क, न, र. दोन्ही वर्ग घ्या. कॉपी-पेस्टला माझी ना नाही, पण पेस्ट केल्यावर एक मराठी वाक्य त्यातून काढून बघायला किती वेळ लागतो?

दुसरी चूक, मूळ कोडमध्ये हात घालणं. ओजेएस हे पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये कॅनडात सुरू केलेला हा प्रकल्प, लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड बदलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून मूळ फाइल उघडून तिथेच चार ओळी घुसडायच्या असं नाही. एका कॉलेजात ओजेएसच्या जुन्या २ च्या व्हर्जनमध्ये कोणीतरी लेखकाच्या नावाचा क्रम बदलायला कोअर फाइल्स बदलल्या, टेबलात दोन कॉलम वाढवले, कुठे काही लिहून ठेवलं नाही. मग होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर पीएचपी ८ वर (ओजेएस ज्या भाषेत लिहिलंय तिचं नवं व्हर्जन) नेला, साइट पांढरी पडली, आणि अपग्रेड करावं तर हे बदल आडवे. तो मुलगा तोवर पुण्याला नोकरीला. शेवटी त्याच जुन्या व्हर्जनचं कोरं पॅकेज उतरवून सगळ्या फोल्डरवर डिफ मारला, म्हणजे दोन्हीकडच्या फाइल्स ओळीओळीने ताडून बघितल्या, कुठे काय बदललंय ते एकेक वेचून काढलं, त्यातलं निम्मं तर सेटिंगमधून होण्यासारखं होतं!

तेव्हा दिसण्यातला बदल असेल तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर चढवलेली आपली थीम), वागण्यातला असेल तर हुक (बाहेरचा कोड जोडायला ठेवलेली जागा) वापरून वेगळं प्लगइन, आणि सगळ्यांच्या उपयोगाचा असेल तर गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती. मराठी भाषांतर सुधारलंत तर आपल्याच सर्व्हरवर दडवून ठेवू नका, वेबलेटवर (सगळ्यांनी मिळून भाषांतर करायच्या साइटवर) टाका, पुढच्या गावातल्या जर्नलला आयतं मिळेल. घेताना ओपन-सोर्स आणि द्यायची वेळ आली की हात आखडता, हे मला अजिबात पटत नाही.

बाकीच्या पटापट सांगतो.

अपलोडचं फोल्डर पब्लिक वेब फोल्डरच्या आत ठेवू नका. ओजेएसच्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी ठेवतात, आणि मग न छापलेली हस्तलिखितं थेट लिंकवर उघडतात.

परीक्षकाचं नाव स्क्रीनवर लपवलंत, पण त्याने पाठवलेल्या वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीत आणि कॉमेंटवर ते असतंच. फाइल पुढे जाण्याआधी ते पुसा.

श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला लेख पीडीएफ करून चढवू नका. डोळ्यांना मराठी दिसते, कॉपी केलं की कचरा येतो, सर्च इंजिनला तोच कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर माणसाकडून वाचून घ्या, कन्व्हर्टर रफार हमखास चुकवतो.

पानाला मराठीचा भाषा-कोड द्या. नाहीतर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात.

सारांश बाइट मोजून कापू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, मधेच कापलं की शेवटी चौकोन.

ऑनलाइन अंकाला छापील अंकाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) चिकटवू नका. दोन्हींना वेगळा लागतो, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून फुकट मिळतो, तेवढा अर्ज भरा.

डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-नंबर, ज्यावरून लेखाचं पान उघडतं) घेतला म्हणजे लिंक आपोआप कायमची होत नाही. डोमेन बदललं की डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडे नवे पत्ते तुम्हालाच भरावे लागतात. जुनं डोमेन सोडून दिलं आणि डीओआय भलत्याच जाहिरातीच्या पानावर उघडतोय, असं लेखकाच्या वाट्याला आलेलं बघून मला फार वाईट वाटलं होतं. त्याने तो नंबर आपल्या बायोडेटात छापलेला असतो हो.

आणि बॅकअप. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराने काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ. तरीही सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, हे चित्र मला आजही दिसतं. एक प्रत कोकणाबाहेर हवीच. नुसता डेटाबेस नको, अपलोडचं फोल्डर आणि कॉन्फिग फाइलसुद्धा, तिन्ही एकाच वेळचं. मी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, कोऱ्या मशीनवर सगळं रिस्टोअर करून बघतो आणि एखादा जुना लेख पीडीएफपर्यंत उघडतो, मगच तो बॅकअप चालू धरतो. पासवर्डही एकाच पोराच्या लॅपटॉपवर नकोत, संपादक आणि ग्रंथपाल दोघांकडे हवेत, आणि डोमेनची नोंदणी संस्थेच्या ईमेलवर, कोणाच्या खासगी जीमेलवर नाही.