समुद्रावरून आलेला कुत्रा आणि व्हॅनमधली वाळू

गुहागर किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर कुत्रा मनसोक्त लोळतो आणि संध्याकाळी अर्धा किनारा कॅम्परव्हॅनच्या गादीत येतो. टाकीतलं पाणी तर मोजकंच. यावर उपाय म्हणजे बागेत फवारणीला वापरतात तो 5 लिटरचा हातपंप.

1. सकाळी पंपात 4 लिटर गोडं पाणी भरा. वर हवेला जागा हवीच, काठोकाठ भरलात तर दाब धरत नाही.
2. कुत्रा व्हॅनबाहेरच बांधा. नोझल धुक्यावर नको, धारेवर ठेवा.
3. पाठीपासून खाली या. पोट, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत जास्त वेळ द्या. खरी वाळू तिथंच दडते. खारं अंग चाटून जुलाब होतात, तेही टळतं.
4. जुन्या सुती पंचानं टिपा. घासलंत तर उरलेली वाळू केसांत आणखी आत जाते.

मध्यम आकाराच्या कुत्र्याला एवढं पाणी पुरतं. लांब केसांच्या कुत्र्याला मात्र दोनदा भरावं लागेल.

पंप नवाच घ्या. कीटकनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी कुत्र्यासाठी वापरू नका.