दालचिनीचा गोड ब्रेड: घड्या सुटू नयेत म्हणून

ब्रेड कापला आणि वरचं कवच वेगळं, आतली गुंडाळी वेगळी, मधे बोटभर पोकळी, असं झालं की कुणी यीस्टला दोष देतं, कुणी ओव्हनला. बहुतेक वेळा दोष लोण्याचा असतो. लाटलेल्या पोळीवर वितळलेलं लोणी फासा, असं जवळपास प्रत्येक कृतीत लिहिलेलं असतं आणि या ब्रेडपुरता तो सल्ला चुकीचा आहे. ही एक पायरी नीट समजून घ्या. बाकीचं काम साध्या दुधाच्या ब्रेडइतकंच आहे.

९ बाय ५ इंचांच्या टिनसाठी ४०० ग्रॅम मैदा, २५० मिली दूध, ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि ७ ग्रॅम मीठ घ्या. लोणी बिनमिठाचं हवं. सारणाला ८० ग्रॅम पिठीसाखर, १० ग्रॅम दालचिनीची पूड आणि १५ ग्रॅम मैदा. वाटी-चमच्याचं माप ब्रेडला चालत नाही, वजनकाटा वापरा.

दालचिनीबद्दल थोडं. किराणा दुकानात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसियाची, म्हणजे दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाची असते. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची असते, बोटांनी चुरडता येते आणि तिचा वास सौम्य असतो. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांमध्ये ती आंतरपीक म्हणून घेतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण तेज’ हा वाण त्यातलाच. या ब्रेडला मला कॅसियाच आवडते, कारण साखरेपुढे तिचा तिखटपणा टिकतो. कोणतीही घ्या, पण मिक्सरमधून काढल्यावर बारीक चाळणीने चाळा. भरड कण दाताखाली येतात.

आणि ही पूड कणकेत घालू नका. ‘स्वाद सगळीकडे पसरतो’ असं सांगितलं जातं, पण दालचिनीला वास देणारं सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य यीस्टची वाढ रोखतं. कणीक तासन्‌तास फुगत नाही आणि ब्रेड जड होतो. दालचिनीची जागा सारणात.

दूध कोमट करा, कडकडीत नको. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. उन्हाळ्यात कोमट करण्याचीही गरज नाही. लोणी सोडून सगळं एकत्र भिजवा, मग लोणी थोडं थोडं घालत पंधरा मिनिटं मळा. मध्येच कणीक चिकट होईल, तेव्हा वरून मैदा टाकू नका, मळत राहा. झाकून दुप्पट होऊ द्या. घड्याळाकडे बघू नका: मे महिन्यात विदर्भात पाऊण तासात होईल ते डिसेंबरात नाशिकला दोन तास घेईल.

आता गुंडाळी. मी स्वतः सर्वांत जास्त काळ इथेच अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते.

कणीक ओव्हनमध्ये फुगते तेव्हा आतली वाफ आणि वायू बाहेर पडायला वाट शोधतात. घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतील तर अख्खा ब्रेड एकत्र वर येतो. मधे लोण्याचा थर असेल तर कणकेला कणीक चिकटतच नाही. वाफ तिथेच साठते, वरची घडी कमानीसारखी उचलली जाते आणि वितळलेली साखर खाली उतरते. अळूवडीची पानं उंड्यात एकमेकांना धरून राहतात ती बेसनाच्या लेपामुळे. इथेही सारणाने तेच काम करायला हवं.

म्हणून पोळीवर लोणी नाही. अंडं चालत असेल तर फेटलेला पांढरा भाग, नसेल तर दूध, ब्रशने अगदी पातळ लावा. थारोळं साचता कामा नये. सारणातला मैदा सुटलेला पाक शोषून घेतो आणि पिठीसाखर दाणेदार साखरेपेक्षा सारखी पसरते. गूळ किंवा ब्राउन शुगर घालण्याचा मोह आवरा. त्या ओलसर असतात आणि सारणाचे गोळे होतात. मनुकेही नकोत, प्रत्येक मनुक्याभोवती पोकळी राहते.

ओट्यावर मैदा भुरभुरू नका. कोरडं पीठ घड्यांमध्ये जाऊन बसतं. हाताला तेलाचं बोट पुरे. पोळी २१ सेंटिमीटर रुंद आणि ४५ ते ५० सेंटिमीटर लांब लाटा. रुंदी टिनपेक्षा किंचित कमीच हवी. कणीक मागे ओढली जात असेल तर दहा मिनिटं झाकून ठेवा, जोर लावू नका. पोळी आखूड आणि जाड राहिली तर वेढे कमी पडतात, सारणाचा थर जाड होतो आणि नेमका तोच सुटतो.

दूध लावा, सारण काठापर्यंत पसरा, शेवटची तीन सेंटिमीटर पट्टी कोरडी सोडा. तळव्याने सारण दाबून बसवा आणि वरून पाण्याचा हलका फवारा मारा. आता आखूड बाजूने गुंडाळायला घ्या. प्रत्येक वेढ्याला गुंडाळी हलकेच स्वतःकडे ओढायची, मग पुढचा वेढा. आत हवा अडकली तर ती ओव्हनमध्ये मोठी होणारच. मात्र आवळून पिळूही नका, फुगताना कणीक फाटते. शेवटची कड चिमटून बंद करा, दोन्ही टोकंही चिमटा, आणि जोड खाली येईल अशी गुंडाळी टिनमध्ये ठेवा.

दुसऱ्यांदा फुगवताना कणीक टिनच्या कडेच्या बोटभर वर आली की थांबा. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला पाहिजे. जास्त फुगवलेल्या ब्रेडच्या घड्या कितीही काळजी घेतली तरी सुटतात. भट्टीत घालण्याआधी पातळ सळईने वरून सात-आठ ठिकाणी तळापर्यंत टोचा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून हे टाळू नका, वाफेला वाट मिळते.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १८० अंशांवर तापवून, खालच्या खणात ३५ ते ४० मिनिटं भाजा. वर रंग आला की फॉइल झाका. आतलं तापमान ९२ ते ९५ अंश झालं की ब्रेड तयार.

लगेच टिनमधून काढून जाळीवर ठेवा आणि दोन तास सुरी लावू नका. गरम असताना स्टार्च बसलेला नसतो, पाक पातळ असतो आणि जपून चिकटवलेल्या घड्या सुरीनेच सुटतात. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा आणि कडक होतो. दोन दिवसांत संपणार नसेल, आणि पावसाळ्यात तर नक्कीच, काप करून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तसा एकेक काप काढून थेट तव्यावर भाजा. लोणी लावायचं ते तेव्हा.