पिनबॉलचे यंत्र बनवताना या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये कॉइल भरण्याचे, म्हणजे बॉबिनवर तांब्याच्या तारेचे वेढे घालून विद्युतचुंबक बनवण्याचे, काम चालते आणि त्या निमित्ताने पिनबॉलचे यंत्र स्वतः बनवू पाहणारे तरुण माझ्यापर्यंत पोहोचतात. सांगली-मिरज पट्ट्यात लेथ, राउटर, पावडर कोटिंग आणि रिवाइंडिंग हे सगळे हाकेच्या अंतरावर मिळत असल्यामुळे यंत्र महिनाभरात उभे राहील, असा त्यांचा हिशेब असतो. ते येतात तेव्हा लॅपटॉपवर प्लेफिल्डचे, म्हणजे ज्या फळीवर बॉल धावतो तिचे, रंगीत चित्र तयार असते, गुणांचे नियम लिहून झालेले असतात, आवाजही भरलेले असतात. तासभर सलग चाललेला एक फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच कॉइलच्या जोराने उसळून बॉलला फटका मारणारा दांडा, तेवढा नसतो.

या खेळातले सगळे काही फ्लिपरवर उभे आहे. १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्राने फ्लिपर आणले. त्याआधीची यंत्रे म्हणजे खिळे ठोकलेल्या बगाटेल या जुन्या फळीवरच्या खेळाचीच वाढलेली आवृत्ती होती. सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा पोलादी बॉल साडेसहा अंशांच्या उतारावरून खाली येतो आणि त्याला एका फटक्यात वरच्या टोकापर्यंत पोहोचवायचे असते. दाराच्या कुलपासाठी मिळणारी बारा व्होल्टची तयार कॉइल हे काम करू शकत नाही, हे ऐकून घेण्याची तयारी नसेल तर पुढचे वाचण्यात अर्थ नाही.

नंबर तोच, तार वेगळी

जुन्या अमेरिकी यंत्रांतल्या पुष्कळ कॉइलच्या क्रमांकातच तिची कुंडली लिहिलेली असते. विल्यम्सच्या यंत्रांत आढळणारी एई-२६-१२०० ही कॉइल म्हणजे २६ गेजच्या तारेचे १२०० वेढे. मुले हा क्रमांक घेऊन बाजारात जातात, दुकानदार २६ नंबरची इनॅमल तार तोलून देतो, रिवाइंडर ती भरून देतो आणि कॉइल दिसायला अगदी मूळ कॉइलसारखीच होते. मात्र क्रमांकातला गेज अमेरिकी, म्हणजे एडब्ल्यूजी पद्धतीचा असतो आणि आपल्या रिवाइंडिंगच्या दुकानांत चालतो तो एसडब्ल्यूजी. पहिल्या पद्धतीतली २६ नंबरची तार ०.४०५ मिलिमीटरची, तर दुसऱ्या पद्धतीतली ०.४५७ मिलिमीटरची असते. तेवढ्याच लांबीच्या जाड तारेचा प्रतिकार सुमारे एक पंचमांशाने कमी भरतो. त्यातच जाड तारेने बॉबिन लवकर भरते, म्हणून कारागीर १२०० वेढ्यांच्या बराच आधी थांबतो आणि ते सांगायचे राहून जाते. प्रतिकार आणखी घसरतो, प्रवाह वाढतो, कॉइलना वीज सोडणाऱ्या ड्रायव्हर बोर्डवरचे ट्रान्झिस्टर एकामागून एक जातात आणि दोष मात्र बोर्डाला दिला जातो.

अमेरिकी २६ ला आपल्याकडची सर्वांत जवळची तार २७ नंबरची, ०.४१७ मिलिमीटरची आहे. मी गेज हा शब्द उच्चारतच नाही. तार मिलिमीटरमध्ये मागतो, टोकावरचे इनॅमल काढून मायक्रोमीटर लावतो आणि कॉइल भरून झाली की मोजलेला प्रतिकार तिच्या कागदी वेष्टनावर पेनने लिहून ठेवतो. हा आकडा लिहिलेला नसेल अशी कॉइल माझ्याकडून बाहेर जात नाही, आणि दुसऱ्याकडून तशी आली तर मी ती यंत्रात बसवत नाही.

धरून ठेवलेला फ्लिपर

फ्लिपरची कॉइल इतर कॉइलपेक्षा वेगळी असते, कारण खेळाडू बटण दाबून फ्लिपर वर धरून ठेवतो. तिच्या ताकदीच्या वाइंडिंगचा प्रतिकार चार ओहमच्या आसपास असतो. ४८ व्होल्टवर तिच्यातून १२ अँपिअर, म्हणजे सुमारे पावणेसहाशे वॉट जातात. फटका पूर्ण व्हायला सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतो, तेवढ्यापुरते हे चालते. फ्लिपर वर पोहोचला की टोकाचा स्विच, ज्याला या व्यवसायात एंड ऑफ स्ट्रोक म्हणतात, तो दीडशे ओहमच्या आसपासचे दुसरे वाइंडिंग जोडीला आणतो आणि प्रवाह पाव-अर्ध्या अँपिअरच्या दरम्यान येतो. आजच्या यंत्रांत एकच वाइंडिंग ठेवून बोर्डच पूर्ण ताकदीचा एक ठोका देतो आणि नंतर प्रवाहाचे बारीक तुकडे करून फ्लिपर धरून ठेवतो. यातले काहीही न करता बटण थेट मॉस्फेटला (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला) आणि मॉस्फेट थेट कॉइलला जोडणारे दरवर्षी कोणी ना कोणी भेटतेच.

गणपतीच्या दिवसांत सांगलीत भरलेल्या एका प्रदर्शनात तीन विद्यार्थ्यांनी असे यंत्र मांडले होते. घरी चाचणी घेताना तिघेही टपाटप बटणे दाबत होते, त्यामुळे सगळे ठीक चालले. प्रदर्शनात आलेल्या एका शाळकरी मुलाला मात्र खेळाची जाण होती. त्याने बॉल उजव्या फ्लिपरच्या कुशीत अडवला, बटण दाबून धरले आणि मित्राला फोटो काढायला बोलावले. मित्राला यायला वेळ लागला. कॅबिनेटमधून जळक्या व्हार्निशचा वास येऊ लागला आणि फ्यूज गेला. इथपर्यंत यंत्राने आपले काम चोख केले होते. आयोजकांचे पाहुणे यायची वेळ झाली होती, म्हणून त्या तिघांनी फ्यूजच्या जागी वायरमधली एक तांब्याची तार पिळून बसवली. पुढच्या खेळात मॉस्फेट शॉर्ट झाला, बटण सोडले तरी फ्लिपर खाली येईना, आणि यंत्र बंद करेपर्यंत प्लेफिल्डच्या खालून धूर निघाला.

ती कॉइल माझ्याकडे आली तेव्हा वरचा कागद करपून काळा झाला होता, आतली नायलॉनची बाही वितळून प्लंजरला, म्हणजे कॉइलमध्ये ओढल्या जाणाऱ्या लोखंडी दांड्याला, चिकटली होती, आणि प्लंजर बाहेर काढायला हातोडी लागली. चार ओहमच्या जागी मीटर एक ओहमपेक्षाही कमी दाखवत होते. तिघांचा प्रश्न एवढाच होता की ही संध्याकाळपर्यंत भरून मिळेल का. कॉइल भरून देणे कठीण नव्हते. पण धरून ठेवण्याची सोय न करता दिलेली नवी कॉइल त्याच रात्री जळाली असती, म्हणून मी दिली नाही. त्यांचा राग अजून गेलेला नाही, असे कानावर येते.

यावरची माझी सवय साधी आहे. नव्या यंत्राच्या फ्लिपर-बटणाला रबर बँड लावून ते दाबलेले ठेवतो, चहा मागवतो आणि तो यंत्रापाशी उभ्यानेच पितो. चहा संपेपर्यंत वास आला नाही, तर वीज बंद करून कॉइलला बोट लावतो. कॉइल कोमट असेल तर चालते. बोट मागे घ्यावे लागले तर यंत्र पुन्हा टेबलावर जाते. प्रत्येक फ्लिपरला स्वतंत्र फ्यूज हवा. बटण आणि कॉइल यांच्यामध्ये लॅपटॉप कधीही येऊ देऊ नये, कारण प्रोग्रॅम अडकला की कॉइल चालू राहते, आणि अडकला नाही तरी फ्लिपर क्षणभर उशिरा उठतो, जे चांगल्या खेळाडूला लगेच जाणवते. फास्ट किंवा पी-रॉकसारखे तयार बोर्ड हा निर्णय स्वतःच घेतात आणि मिशन पिनबॉल फ्रेमवर्कसारख्या मोफत प्रणालीकडे गुण, दिवे, आवाज एवढेच काम उरते. पैसे वाचवायचे असतील तर ते चित्रकामात वाचवावेत.

पावसाळ्यात मारलेला क्लिअरकोट

प्लेफिल्डवरच्या चित्राला वाचवणारा थर म्हणजे मोटारींना मारतात तोच दोन भागांचा पॉलियुरेथेन क्लिअरकोट. त्यातले हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि थरात बारीक बुडबुडे अडकतात. कृष्णाकाठच्या जुलैमध्ये, बंद नसलेल्या शेडखाली हे काम करणे म्हणजे ते पुन्हा पहिल्यापासून करण्याची तयारी ठेवणे होय. त्याहून मोठी चूक घाईची आहे. थर हाताला कोरडा लागला की मुले दुसऱ्याच दिवशी पोस्ट, म्हणजे फळीवरचे छोटे खांब, आवळायला घेतात. आतून कच्चा असलेला थर पोस्टच्या कडेने दाबला जाऊन वर गोळा होतो, बॉलचे फटके बसू लागले की तिथेच चिरतो आणि चित्रासकट निघून येतो. अमेरिकेतल्या जुन्या, नावाजलेल्या उत्पादकांच्या प्लेफिल्डबद्दलही खरेदीदारांनी अशाच तक्रारी केल्या आहेत, तेव्हा आपण त्यातून सुटू असे मानण्याचे कारण नाही. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा वाळल्याशिवाय कोणी कापायला घेत नाही. इथेही तोच धीर लागतो. मी प्लेफिल्ड काही आठवडे कोरड्या खोलीत उभे ठेवतो, आणि कोणी विचारलेच तर पेंटर अजून आला नाही असे सांगतो. हे हार्डनर फुप्फुसांना घातक असल्यामुळे फवारणी तोंडाला रुमाल बांधून करू नये. ती गाड्यांच्या पेंटरकडून त्याच्या बूथमध्येच करून घ्यावी.

त्या थराखालचे प्लायवुडही दुर्लक्षित राहते. मूळ प्लेफिल्ड मॅपलच्या पापुद्र्यांच्या, अर्ध्या इंचाहून किंचित जाड प्लायवुडचे असते. फर्निचरच्या स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ जागा निघतात आणि स्क्रू नेमका तिथेच येतो. दिव्यांवरची प्लास्टिकची झाकणे, म्हणजे इन्सर्ट, इपॉक्सीने घट्ट बसवून पृष्ठभागाशी एकसपाट घासली नाहीत तर बॉल त्यांच्यावरून वाकडा जातो.

उरलेल्या, पण रोजच्या

चित्र छापण्याआधी कोऱ्या लाकडावर सगळी यंत्रणा बसवून खेळून पाहावे. रॅम्पवर बॉल चढत नाही हे छपाईनंतर कळले तर खर्च दुप्पट होतो. फ्लिपरचा दांडा बुशमध्ये वर-खाली किंचित, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर, हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर फ्लिपर प्लेफिल्ड घासतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला फ्लिपर प्रदर्शनात दाखवावा, खेळात बसवू नये.

स्विच मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांत जोडलेल्या स्विचच्या जाळ्यात, प्रत्येक स्विचला डायोड हवाच, नाही तर तीन स्विच एकदम बंद झाले की न दाबलेला चौथाही लागल्यासारखा दिसतो. कॉइलवरचा डायोड उलटा लावला तर ट्रान्झिस्टर किंवा फ्यूज लगेच जातो, आणि लावलाच नाही तर ट्रान्झिस्टर थोड्या दिवसांनी जातो. प्लेफिल्डखाली साधे नट वापरू नयेत. फटक्यांनी सैल झालेला नट नेमका बोर्डावर पडतो. चुंबकाचा खेळ असलेल्या यंत्रातले बॉल काही काळाने स्वतःच चुंबक होतात, एकमेकांना चिकटून ट्रफमध्ये, म्हणजे बॉल जमा होतात त्या पन्हाळीत, अडतात आणि मुले स्विच बदलत बसतात. तिथे बॉल बदलायचे असतात. उतार काचेवर मोजू नये, काच काढून प्लेफिल्डवरच मोजावा. काच टफन्ड असावी, यावर चर्चा नको.

पुसेगावच्या यात्रेसारख्या मैदानात जनरेटरवर यंत्र चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. खेळाडूचे दोन्ही तळहात पुढच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे लॉकडाउन बारवर, टेकलेले असतात आणि पाय बहुधा ओल्या मातीत असतात. ही पट्टी, बाजूच्या रेल, पाय आणि पॉवर सप्लायचे कवच हे सर्व जाड अर्थच्या वायरने एकमेकांना जोडावे, पुढे आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावावा आणि जनरेटरलाही प्रत्यक्ष अर्थिंग आहे याची खात्री करावी. लॉकडाउन बार आणि प्लगची अर्थ पिन यांच्यातला प्रतिकार मल्टिमीटरवर एक ओहमच्या आत आला, तरच यंत्राचा प्लग सॉकेटमध्ये घालावा.